डोळ्याला लाव

अंडी सहाशे चाळीस होती. टोपल्या आठ, प्रत्येक टोपलीत ऐंशी, आणि प्रत्येक टोपली कमरेइतकी उंच. टोपल्यांच्या मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलेलं, सतरा पोती. तूस तापवायची लोखंडी कढई एक. गोधड्या सोळा, त्यांतल्या दोन फाटक्या. बॅटरी एक, तिचं बटण अंगठ्यानं दाबून धरावं लागे. घरात माणसं तीन आणि डोळे सहा. त्यांतला एक, सासूचा उजवा, हिरव्या पट्टीखाली.

डोळ्याचं ऑपरेशन आणि अंडी एकाच आठवड्यात आली. ऑपरेशन पुढं ढकलता येईल का, असं विचारलं तेव्हा दवाखान्यातली बाई म्हणाली, मग चार महिन्यांनी या. बदकांना तर तेवढंही विचारता येत नाही.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं. महिनाभर धूर नाही, धूळ नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि औषधाच्या थेंबांशिवाय डोळ्याला काहीही लावायचं नाही. दुसऱ्या डोळ्यालाही नाही, कारण हात सवयीनं चुकतो.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. परत येताना टेम्पोत म्हणाली, "म्हणजे उबवायच्या खोलीत पाऊल टाकू नका, असं सरळ सांगायचं की." मग सुनेकडे मान वळवली. "आता तूच बघायचं. दिवसातून चार वेळा तूस तापव. वरची अंडी खाली कर, खालची वर कर. आणि डोळ्याला लाव."

"लावीन, आई," सून म्हणाली.

तीन वर्षं ती हे बघत आली होती. सासू आधी खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसे. ओठ जरासे हलत, मग थांबत. मग ती उठे, टोपलीवरची गोधडी सारी, वरचं एक, मधलं एक आणि तळातलं एक अंडं काढी, मिटल्या पापणीला टेकवी आणि परत ठेवी. आठही टोपल्यांना तसंच. या घरात पुष्कळ गोष्टी डोळ्याला लावल्या जात. नवं कापड आलं की, शेतातलं पहिलं कणीस आलं की, प्रार्थनेचं पुस्तक हातातून खाली पडलं की. सुनेच्या माहेरी तसं काही नव्हतं. तिचा बाप शिंपी. मापात चूक झाली तर कापड वाया जातं, त्यात देवानं काय करायचं, असं तो म्हणे आणि टेप गळ्यात टाकून कामाला लागे. सासरी आल्यावर ती प्रार्थना शिकली ती पोहणं शिकावं तशी, दुसऱ्याचं बघून, नाकातोंडात पाणी जाऊ न देता. ओठ कधी हलवायचे ते तिला कळलं होतं. आत काय चालायला हवं ते विचारायची तिला लाज वाटे.

अंडी आणून देणाऱ्या माणसाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बटण सापडत नसे. त्याची स्वतःची बदकं होती, आणि आणखी पाच जणांची अंडीही तोच गोळा करून आणी. गेल्या दोन खेपांना पिल्लं कमी निघाली होती. मोतीबिंदूमुळं सासूला बॅटरीच्या उजेडात जिवंत अंडं आणि मेलेलं अंडं यांतला फरक दिसेनासा झाला होता, आणि एक सडकं अंडं फुटलं की शेजारची दहा घेऊन जातं.

"मावशी, तोंडावर सांगतो, मागं बोलायची मला सवय नाही," रेडिओ ओसरीवर बसत म्हणाला.

"तुला गप्प बसायचीच सवय नाही," सासू म्हणाली.

"तेही आहे. पण ऐका. ते पाच जण म्हणतात, शहरात मशीन आलंय. अंडी ठेवायची, अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं न्यायची. मी म्हटलं, एक खेप थांबा. चारशेच्या वर निघाली तर पुढंही इथंच. खाली गेली तर मग माझ्या हातात काही राहत नाही."

"निघतील चारशे."

"आणि बघणार कोण? तुमचं तर हे असं." त्यानं स्वतःच्या डोळ्यावर हात ठेवून दाखवला.

"ही बघेल."

रेडिओनं सुनेकडे बघितलं, आणि त्याच्या मानानं फारच थोडं बोलला. "बरं," म्हणाला.

खोली बंद पडली असती तर नवऱ्याच्या गवंडीकामावर घर ओढूनताणून चाललं असतं. पण ती कुणाच्या हातात बंद पडली, हे गावानं आणखी वीस वर्षं सांगितलं असतं. सुनेला ते ठाऊक होतं. आणि दुसरं असं की, तिला ती खोली आवडायला लागली होती. जाड भिंती, वाकून जावं लागेल असं दार, तुसाचा कोरडा गोड वास. टोपलीत हात घातला की कोपरापर्यंत ऊब चढत यायची, जणू आत कुणीतरी झोपलेलं आहे आणि आपण त्याच्या अंथरुणात हात घातला आहे.

पहिले सात दिवस नीट गेले. सातव्या दिवशी दार लावून तिनं एकेक अंडं बॅटरीवर धरलं. ज्यात जीव धरला होता त्यात कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसत. अठ्ठावन्न फोल निघाली. "सहाशेला साठ म्हणजे नेहमीचंच," सासू बाहेरून म्हणाली. उरली पाचशे ब्याऐंशी.

नवव्या दिवशी वारा फिरला. दुपारी अंगणात उभं राहिलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटे. कपडे दोरीवर टाकून चिमटे लावेपर्यंत वाळत. सून तरीही दिवसातून चार वेळा कढई चढवी, तूस परती, चटका बसेल इतकं तापलं की पिशव्यांत भरून टोपल्यांत सरकवी. तिचे हात दंडापर्यंत लाल झाले होते आणि मानेवर तुसाची बारीक पुरळ उठली होती. प्रत्येक वेळी ती दाराशी बसून ओठ हलवी, तीन-तीन अंडी उचलून डोळ्याला लावी, एकदा उजव्या, एकदा डाव्या, आणि मनात म्हणे: हिच्यात कमी नकोत. पुढच्या टोपलीला: हिच्यातही नकोत. देवाची वस्तू ऊन लागते की गार, हे कोण बघतं? तिनंही बघितलं नाही.

चौदाव्या दिवशी बॅटरीसमोर पहिलं मेलेलं अंडं दिसलं. शिरा नव्हत्या. तळाशी एक गडद वर्तुळ होतं, हलवलं की सगळं एकदम हलणारं. मग दुसरं. मग सलग पाच. अंगठा दुखायला लागला म्हणून तिनं हात बदलला. मोजून झाली तेव्हा एकाहत्तर होती.

ती तिनं घमेल्यात भरून घरामागच्या खड्ड्यात नेली. शेजारीण कुंपणापलीकडं भांडी घासत होती. घमेल्यात डोकावून तिनं जीभ टाळूला लावून आवाज काढला. "सासूचा हातगुण होता हो. तो काय असा सुनेला देता येतो?" असं म्हणाली, अगदी मायेनं, आणि परत भांड्याकडं वळली. सून खड्ड्यात माती लोटत राहिली. हातगुण नाही, हे तिला पटलं. तिचा हिशेब साधा होता. तूस तेच, टोपल्या त्याच, अंडी तीच, वेळा त्याच. फरक एवढाच की ओठ हलवताना सासूच्या आत काहीतरी असतं आणि आपल्या आत काही नसतं. म्हणून आपली प्रार्थना लागू पडत नाही.

तेव्हा तिनं ती वाढवली. तीन अंडी पुरत नाहीत तर सगळी. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीतलं एकेक अंडं काढून डोळ्याला लावलं. पाचशे अकरा अंडी, दोन्ही डोळे. प्रत्येकाला: जग. तू जग. तूही जग. एका फेरीला दोन तास लागत. तोवर निम्मी उघडी पडत, आणि उघडी पडली होती म्हणून ती नंतर वर दोन-दोन गोधड्या टाकी. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा ती दाराशी बसली होती. पापण्या सुजून लाल झाल्या होत्या.

"रडलीस?" त्यानं विचारलं.

"नाही हो."

"मग डोळ्यांना काय झालं?"

"लावून लावून," ती म्हणाली.

त्याला ते कळलं नाही, पण तो जाऊन आईशी बोलला असावा. कारण सोळाव्या दिवशी सकाळी सासूनं तिला ओसरीवर हाक मारली.

"एकाहत्तर मेली म्हणे."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला त्रास डोळ्यात आहे, कानात नाही. डोळ्याला लावतेस ना?"

"लावते, आई. सगळी लावते. एकही सोडत नाही."

"सगळी कशाला? बरं. मग काय म्हणतात?"

"कोण?"

"अंडी."

सून तिच्या तोंडाकडं बघत राहिली. "अंडी काय म्हणणार?"

सासूनं मान जराशी तिरकी केली, एका डोळ्यानं बघणारी माणसं करतात तशी. "जा, एक घेऊन ये. लावून दाखव मला."

सुनेनं पदरात गुंडाळून एक अंडं आणलं. दोन्ही हातांत धरलं, उजव्या डोळ्याला टेकवलं, डाव्या डोळ्याला टेकवलं, मान किंचित लववली, आणि परत पदरात ठेवलं.

सासूचे खांदे हलायला लागले. तिनं तोंडावर पदर धरला, मांडीवर हात आपटला, आणि "अगं, नको, मला हसवू नकोस, डॉक्टरनं डोळ्यावर जोर द्यायचा नाही सांगितलंय" असं तुटक तुटक म्हणत भिंतीला टेकली. पट्टीच्या कडेतून एक थेंब गालावर आला.

"काय झालं?" सून म्हणाली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"अगं, ताप बघायचा असतो त्यानं. पापणीइतकं पातळ कातडं अंगावर दुसरं नाही. हाताला काय कळतं? माझे हे हात बघ, चाळीस वर्षं तापलेलं तूस उचलून नुसते चामड्याचे झालेत. पापणी खोटं बोलत नाही. अंडं टेकवायचं, पाच मोजायचे. ऊन लागलं पाहिजे पण नकोसं वाटता कामा नये. गार लागलं तर तूस द्यायचं, चटका लागला तर पांघरूण काढायचं. तू त्यांची नुसती पूजा करत बसलीस होय?"

सुनेला हसू आलं नाही. तीन वर्षं ती या बाईच्या मागं उभी राहून अंड्यांसमोर मान लववत होती, आणि एकाहत्तर अंडी पुरून आली होती, आणि हातगुणाचं बोलणं ऐकून आली होती. "मग सांगायचं होतं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "डोळ्याला लाव म्हणालात. ताप बघ कुठं म्हणालात?"

सासूचं हसू ओसरलं. "मलाही माझ्या सासूनं एवढंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी लावलं, चटका बसला, कळलं. मला वाटलं, सगळ्यांना तसंच कळतं." मग म्हणाली, "चुकलं माझं."

हे शब्द त्या घरात फारसे बोलले जात नसत. सून खाली बसली. पदरातलं अंडं तिनं काढलं, उजव्या पापणीला टेकवलं आणि मनात पाच मोजले. तीनपर्यंत तिला काही कळलं नाही. चारला ते नकोसं झालं.

"चटका लागतो," ती म्हणाली.

"किती गोधड्या आहेत वर?"

"दोन-दोन."

"या उन्हात." सासूनं सुस्कारा टाकला. "पंधरा दिवस आपण अंड्याला ऊब द्यायची. पुढं आतला जीव स्वतःच तापतो. जा, सगळं काढ. आज तूसही तापवू नकोस."

त्या दिवशी दुपारी टोपल्या रिकाम्या करून सगळी अंडी फळ्यांच्या रुंद माच्यावर पसरली. सोळाव्या दिवसापासून तसंच करायचं असतं, आणि वर ताप बघून गोधड्या घालायच्या-काढायच्या. नवऱ्यानं अर्धा खाडा करून फळ्या ठोकल्या. संध्याकाळी ओसरीवर भाजी निवडताना सुनेनं विचारलं, "मग तुम्ही आधी दाराशी बसता, ते कशासाठी? तेही तापासाठीच?"

"ती प्रार्थना."

"त्यात अंड्यांचं काय मागता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मागत मागत लावलंस की अंडं तुला हवं तेच म्हणतं," सासू म्हणाली. "मला चारशे हवीत, चारशे हवीत, असं घोकत गेलीस की चटका लागला तरी तुला बरंच लागेल. स्वतःचं जरा गप्प करायचं असतं. मग समोरच्याचं ऐकू येतं."

"आणि गप्प होतं?"

"रोज कुठं होतं? एखाद्या दिवशी होतं. बाकीचे दिवस बसायचं."

सून शिंप्याची मुलगी होती. मापून बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. नवऱ्याच्या तापाच्या वेळी आणलेलं थर्मामीटर फडताळात होतं, टोक लावलं की थोड्या वेळानं टुकटुक वाजणारं. माणसाला शंभर म्हणजे ताप. अंड्याला शंभर म्हणजे तब्येत ठीक. तिनं आधी बाहेरची कामं करून, पाणी वाहून, तशीच धापा टाकत आत जाऊन सहा अंडी पापणीला लावली, प्रत्येकाचा अंदाज सांगितला, आणि मग थर्मामीटर लावलं. चार चुकली. तिचंच अंग तापलेलं, त्यामुळं तिला सगळीच निवलेली वाटली. दुसऱ्या दिवशी दाराशी बसली. घाम वाळला, श्वास खाली आला, मग आत गेली. सहापैकी एक चुकलं. तिनं तीन दिवस हेच केलं आणि मग सासूला सांगायला आली, पहिला नंबर आल्यासारखी.

"बसलं की अंगाचा ताप उतरतो, आई. म्हणून पापणीला बरोबर कळतं. प्रार्थनेचं काम एवढंच आहे."

"असेल," सासू म्हणाली. "मग त्या नळीलाच बसव दाराशी."

"चेष्टा नको. खरंच मोजलंय मी."

"मी कुठं खोटं म्हणते? अंड्यांना त्याचा फायदा होतो. पण मी अंड्यांसाठी बसत नाही. गेल्या वर्षी चार महिने खोली रिकामी होती, तेव्हाही बसत होते की."

"तेव्हा कशासाठी?"

सासूनं हातातली शेंग मोडली, दाणे ताटात टाकले, आणखी एक मोडली. "हे जाऊन दोन वर्षं झाली होती," ती म्हणाली. हे म्हणजे सासरे. "सगळे म्हणायचे, देवाजवळ शक्ती माग, शांती माग. मागून बघितलं. मग एक दिवस काहीच सुचेना, तर नुसती बसले. कुणी शेजारी येऊन बसलं तर आपण लगेच त्याच्याकडं काही मागतो का? तसं. आता याच्यापुढं मला सांगता येत नाही. डाळीला मीठ टाकलंस का?"

एकविसाव्या दिवशी तापलेल्या अंड्यांवर पाणी शिंपडताना थर्मामीटर भिजलं आणि वाजायचं बंद झालं. सासूनं त्याचं फारसं दुःख केलं नाही.

सव्विसाव्या दिवशी सकाळी माच्याच्या कोपऱ्यातल्या एका अंड्यावर केसाएवढी चीर दिसली, दुपारपर्यंत आणखी चार. त्या दिवशी ऊन सगळ्यांत कडक होतं. वारा थांबला होता, पानही हलत नव्हतं. नवरा जेवायला घरी आला होता, आणि रेडिओला बातमी कशी लागली ते त्यालाच माहीत, तोही हजर झाला. त्यानं वाकून दारातून आत बघितलं.

"वहिनी, आता गोधडी अजिबात हलवायची नाही. हवा लागली की पिल्लू आत आखडतं. माझ्या मामाकडं एकदा असंच झालं होतं. मामाची बायको म्हणजे हट्टी बाई, तिनं काय केलं..."

"मलाही वाटतं, झाकलेलीच बरी," नवरा म्हणाला. "एवढे दिवस सांभाळली. दोन दिवसांसाठी कशाला धोका?"

सून आत गेली. गोधडीची कड उचलून तिनं एक अंडं काढलं, पापणीला टेकवलं, पाच मोजले. बरं लागलं. दुसरं काढलं. बरंच लागलं. ती बाहेर आली आणि "ठीक आहेत" म्हणणार, एवढ्यात तिच्या लक्षात आलं की पाच मोजताना ती पाच म्हणत नव्हती. चारशे म्हणत होती. चारशे, चारशे, चारशे.

ती दाराशी भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले.

"आता हे काय?" रेडिओ म्हणाला. "तर मामाची बायको..."

"जरा थांब," नवरा म्हणाला. रेडिओ थांबला. हे पहिल्यांदाच घडत होतं, पण ते बघायला सुनेचे डोळे उघडे नव्हते.

मानेवर पुरळ खाजत होती. ती खाजवली नाही. भिंत पाठीला गरम लागत होती. चारशे आलं, तिनं त्याला हाकललं नाही. ते आलं, थोडा वेळ बसलं, मग पातळ होत गेलं. मग शेजारणीचं बोलणं आलं. मग बाप आला, गळ्यात टेप टाकलेला, तिच्याकडं न बघता काहीतरी कापत होता, त्याच्या कात्रीचा आवाज बराच वेळ चालला. मग तोही थांबला. आता आत काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि तिनं काही केलं नाही. ओठ हलवायचीही तिला आठवण राहिली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग जवळून, खोलीच्या आतून, तिला ऐकू आलं: टिक्. थोड्या वेळानं पुन्हा टिक्, आणि कवचाच्या आतून आलेली बारीक चूं. ते कदाचित सकाळपासून चाललं असावं.

ती उठली, आत गेली, आणि मधलं एक अंडं पापणीला टेकवलं. एक. दोन. तीनला तिनं ते झटकन काढलं. दुसरं. दोनला काढलं. कडेचं एक. तीन.

सासू उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली होती, पट्टीवर पदर धरून. "काय म्हणतं?"

"तापलंय. सगळंच तापलंय."

"मग मला काय विचारतेस?"

"विचारत नाही. सांगते आहे," सून म्हणाली आणि पहिली गोधडी ओढली.

"वहिनी," रेडिओ म्हणाला.

"पाणी आण," ती नवऱ्याला म्हणाली. अहोही म्हणाली नाही. तो उठला आणि बादली घेऊन आला. तिनं माच्यावरच्या सगळ्या गोधड्या काढून अंगणात टाकल्या, दार सताड उघडलं, आणि ओल्या हातानं पाचशे अकरा अंड्यांवर पाणी शिंपडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. कवचांवरचं पाणी बघता बघता सुकत होतं. तिनं पुन्हा शिंपडलं. रेडिओ दारात उकिडवा बसला होता. तिसऱ्या फेरीनंतर तिनं एक अंडं उचलून पापणीला लावलं आणि पाच मोजले, सावकाश, पाचही. मग एकच गोधडी, पातळातली पातळ, वर पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माचा बोलत होता. पिल्लं ओली, काळपट, आपल्याच मानेचा भार न पेलणारी. कवचाच्या टोपीतून निघत, दोन पावलं टाकत, आणि शेजाऱ्याच्या अंगावर कोसळून झोपी जात. ज्यांचं वाळून पिवळं पीस फुललं त्यांना सून उचलून खोक्यात ठेवी. सासू ओसरीवर खोकं मांडीशी घेऊन बसली, हात न लावता, आणि एका डोळ्यानं बघत राहिली. मधेच म्हणाली, "जा, थोडं खाऊन घे. ती काही पळून जात नाहीत." तेवढ्यात एक पळालं.

अठ्ठाविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम संपलं. रेडिओ सहा टोपले घेऊन आला होता. सून एकेक पिल्लू उचलून देई आणि तो वीस-वीसनी मोजून टोपल्यात सोडी. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी होती. शेवटी सुनेनं माच्यावर हात फिरवून कवचं बाजूला केली, राहिलेली अंडी एका ओळीत लावली, आणि तीही मोजली.

पिल्लं चारशे एकोणतीस. कवच अर्धं फोडून आत अडकलेली सहा. न फुटलेली शहात्तर.